डाव्या हाताचं रेकॉर्डिंग

बाबांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, पियानोच्या पट्ट्यांवर नेऊन ठेवला आणि तो तिथेच राहतोय ना याची खात्री करून उजवा हात मांडीवर घेतला. त्यांच्या कानांवर हेडफोन होता. त्यात त्यांचाच उजवा हात वाजणार होता, मागच्या सोमवारी ध्वनिमुद्रित केलेला. आज त्याच्याखाली डावा भरायचा होता.

"हं," बाबा म्हणाले. "सोड."

काचेच्या या बाजूला रेकॉर्डिस्टने बटण दाबलं. त्याच्या शेजारच्या स्टुलावर डावरी बसली होती. ही बाबांची एकुलती एक मुलगी. जन्मापासून डावखुरी, म्हणून घरात सगळे तिला डावरीच म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि चष्म्याच्या दुकानातल्या हजेरीपटावर तेवढं होतं. दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, त्यामुळे केसाएवढा फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे. आज ऐकू येत होता तो फरक केसाएवढा नव्हता. करंगळी दरवेळी मागे राहत होती. अनामिका शेजारच्या पट्टीलाही बरोबर घेऊन खाली जात होती. चौथ्या रचनेत हात मध्येच थांबला आणि बाबा त्याला "चल की रे" म्हणाले, दमलेल्या बैलाला म्हणावं तसं. रेकॉर्डिस्टने डावरीकडे पाहिलं नाही.

अर्धांगवायूचा झटका येऊन सात महिने झाले होते. त्याआधी एकतीस वर्षं बाबा एका मोठ्या हॉटेलच्या जेवणघरात पियानो वाजवत असत. त्यांचा जीव जॅझवर, त्यातही ब्लूजवर, त्या दुःखाच्या गाण्यांवर; पण तिथे वाजवायचं म्हणजे काट्याचमच्यांच्या आवाजाखाली, कुणाचं बोलणं अडणार नाही इतपत. त्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या आठ ब्लूज रचना केल्या होत्या. नावं त्यांच्या स्वभावासारखीच: 'लिफ्ट बंद आहे', 'शेवटचं टेबल', 'ओला टॉवेल', 'साहेबांना भूक नाही'. या आठांची एक रेकॉर्ड काढायची, नुसत्या पियानोची, शेजारी ना ड्रम ना गाणारी, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यभर बाळगली आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत पुढे ढकलली. मग झटका आला. दुसरा येणार हे डॉक्टरांनी गृहीतच धरलं होतं. कधी, तेवढंच त्यांना सांगता येत नव्हतं.

रेकॉर्डिस्ट हा त्या हॉटेलातला बाबांचा जवळजवळ एकमेव श्रोता. कॉलेजात असताना तो एका कॉफीवर तीन तास बसून ऐकायचा आणि वेटरच्या शिव्या खायचा. आता त्याचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता आणि वर्षाला चार-पाच रेकॉर्डी काढणारी स्वतःची छोटी कंपनी. खाली कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्यांचं दुकान होतं. त्यांचं वाफेचं यंत्र दिवसभर फुसफुसायचं, म्हणून ध्वनिमुद्रण फक्त सोमवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. दोन्ही हात एकत्र घातले की बाबांचा डावा पाच मिनिटांत मान टाकायचा; तेव्हा हात वेगवेगळे मुद्रित करायची युक्ती त्यानेच काढली होती. बाबा दोन दिवस घुश्शात होते. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, तिने मिटवलं.

"एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात," ती म्हणाली होती. "तुला तर टप्प्याटप्प्याने वाजवायला मिळतेय. आणखी काय हवं?"

आठही रचना संपेपर्यंत चार वाजले. बाबांनी हेडफोन काढला आणि घामाने भिजलेले कान रुमालाने पुसले.

"कसं झालं?"

"छान," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "बघतो मी."

बाबा हात धुवायला गेले तेव्हा त्याने डावरीला जिन्याच्या तोंडाशी नेलं.

"हे नाही काढता येणार गं."

"माहितेय मला."

"मला त्यांचं हसं करायचं नाहीये. लोक ऐकतील, हळहळतील, आणि मग एकमेकांना फोन करून सांगतील, ऐकलंस का, काय दशा झाली म्हाताऱ्याची."

"नुसता उजवा ठेवला तर?"

"ब्लूज आहे तो. खाली डावा चालत नसेल तर वरचा बोलणार कुणाच्या जिवावर?" त्याने डोळे चोळले. "मी त्यांना सांगेन, मशीन बिघडलं. पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' हे बाबांचेच शब्द होते. आतून बाबांच्या चपलेचा आवाज आला, एक पाऊल नीट, एक घासत.

"मी वाजवू?" तिने विचारलं.

ती वाजवायची हे रेकॉर्डिस्टला ठाऊक होतं. ती आठ वर्षांची असल्यापासून बाबा तिला दुपारी हॉटेलात नेत, जेवणघर रिकामं असताना. बाकावर तिला डावीकडे बसवत आणि म्हणत, डावा तुझा, उजवा माझा. दहा वर्षं तिने त्यांचा डावा हात वाजवला. एकोणिसाव्या वर्षी तिने पियानो सोडला, कुणी फारसं विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी बाबांची हॉस्पिटलात तपासणी होती. आत्या त्यांना घेऊन गेली आणि डावरी स्टुडिओत आली. ती बाकावर बसली, तेव्हा सवयीने डाव्या टोकाला बसली; उजवी बाजू तशीच मोकळी राहिली. हेडफोनमध्ये बाबांचा उजवा हात सुरू झाला आणि तिचा डावा त्याच्याखाली चालू लागला. इतक्या वर्षांनी बोटं अडखळतील असं तिला वाटलं होतं. अडखळली नाहीत. कुठे दाबायचं, कुठे नुसतं टेकायचं, उजव्याने आढ्यता केली की खालून त्याला कसं टोकायचं, सगळं हातात होतं. तिला आनंद झाला. चोरी करतोय हे कळत असताना झाला, आणि म्हणून जास्तच झाला.

"हे तेच आहेत," आठवी रचना संपल्यावर रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. "हॉटेलातले. हुबेहूब."

"कुणाला कळायला नको."

"मी कशाला सांगतोय?"

"त्यांचा हात आहे ना तुझ्याकडे? मागच्या सोमवारचा?"

"आहे की. कोपऱ्यात ठेवतो कुठेतरी."

"ठेवू नकोस. ते इथे येऊन बसतात, सगळं उघडून ऐकतात. सापडला तर हट्टाने तोच घालायला लावतील." हे खरं होतं. पण तो अडखळणारा हात जगात कुठेही शिल्लक राहू नये असं तिला वाटत होतं, हेही खरं होतं. "पुसून टाक."

"पुसला की गेला, बरं का."

"पुसून टाक म्हटलं ना."

त्याने तिच्यासमोर पुसला. दोन बटणांचं काम होतं.

नमुन्याची तबकडी घरी आली त्या दुपारी आत्याने बाबांची खुर्ची स्पीकरसमोर ओढली, त्यांच्या पाठीशी उशी दिली आणि स्वतः पलंगावर पाय वर घेऊन बसली. डावरी दाराला टेकून उभी राहिली. पहिलीच रचना 'लिफ्ट बंद आहे'. संपली तेव्हा आत्याने पदर डोळ्यांना लावला.

"कोण म्हणेल मेला झटका येऊन गेलाय म्हणून! हा डावा हात ऐक, नुसता घोडा आहे घोडा."

 बाबा म्हणाले, "पुन्हा लाव."

डावरीने पुन्हा लावली. अर्ध्या मिनिटावर, चाल पहिल्यांदा वळते तिथे, बाबांनी उजवा हात वर केला.

"थांबव. ताई, चहा टाकतेस का जरा?"

"आत्ता तर झाला."

"परत टाक."

आत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"हॉटेलातल्या पियानोची खालची एक काळी पट्टी मुकी होती," बाबा म्हणाले. त्यांची नजर स्पीकरवरच होती. "आतली हातोडी मोडलेली. मी मॅनेजरला अर्ज करकरून थकलो. म्हणायचा, एवढ्या पट्ट्यांतली एक गेली तर कुठे आभाळ कोसळलं? मग मी वळणावर खाली जायच्या ऐवजी वर उडी मारायला लागलो. लोकांना वाटायचं काय ऐट आहे. ऐट कसली, नाइलाज होता."

 ती उडी डावरीच्या हातात होती. ती चालीतच आहे, तशीच असते, असंच तिला आठव्या वर्षापासून वाटत आलं होतं. काचेपलीकडे बसून बाबांच्या चुका टिपताना, ते वळणावर खाली गेले होते हे तिने ऐकलंच नव्हतं.

"त्या रेकॉर्डिस्टच्या स्टुडिओतली पट्टी वाजते," बाबा म्हणाले. "एकतीस वर्षांनी मी खाली गेलो. बोट धड पडलं नसेल, पण गेलो होतो. यात कुणीतरी वर उडी मारलीय."

"मी वाजवलं, बाबा."

"ते कळलंच. दुसरं कोण मारणार ती उडी?"

ते ओरडतील म्हणून ती उभी होती. ते ओरडले नाहीत. त्यांनी डाव्या हातावरची चादर नीट केली.

"चांगलं आहे. एकही चूक नाही. तुझं कायमच सगळं बरोबर असायचं." त्यांनी चादरीची सुरकुती पुन्हा एकदा ओढली. "माझं फारच वाईट होतं का?"

"त्याला वाटलं, लोक हळहळतील."

"हळहळू देत. ब्लूज ऐकून काय लोकांनी लग्नाला जायचंय?" ते आता तिच्याकडे वळले, त्यासाठी त्यांना सगळं अंग वळवावं लागलं. "हे बघ. दुसऱ्याच्या हातावर माझं नाव नको. आधी मला माझा हात ऐकू दे. ऐकवत नसेल तर मीच सांगेन, मुलीचा घाला आणि तिचंही नाव छापा. पण तो कसा झाला होता ते मला ऐकायचंय. वाजवताना काही कळत नाही गं, सगळा जीव बोटं उचलण्यात जातो. ठेवलाय ना त्याने?"

खरं सांगायची वेळ होती ती. सांगितलं असतं तर ते ओरडले असते, कदाचित रडले असते, आणि मग एक दिवस निवळलेही असते. पण त्यांचा हात आता परत वाजणार नव्हता. मागच्या आठवड्यापासून पेलाही धरवत नव्हता त्यांना त्या हातात. तो शेवटचा सोमवार होता आणि तो तिने दोन बटणांत घालवला होता.

"ठेवलाय," ती म्हणाली. "सोमवारी घेऊन येते."

"गेला म्हणजे गेला," सोमवारी स्टुडिओत रेकॉर्डिस्ट म्हणाला. "मी तुला विचारलं होतं."

"मला माहितेय तू विचारलं होतंस. मशीन चालू कर."

"कशाला?"

"मी वाजवते. त्यांच्यासारखं. आत्ताच्या त्यांच्यासारखं."

तो काचेपलीकडे जाऊन बसला. उजवा हात सुरू झाला. वळणावर ती या वेळी खाली गेली, करंगळी उशिरा ठेवली, अनामिकेने शेजारची पट्टी ओढली, चौथ्या रचनेत मध्येच हात थांबवला. सगळ्या चुका तिला पाठ होत्या. दीड तास ती चुकत राहिली. मग दोघांनी मिळून ऐकलं.

"नाटकी वाटतंय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "लंगड्याची नक्कल करणाऱ्या पोरांसारखं. तुझी चूकसुद्धा वेळेवर पडते."

तिला रडू आलं, आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून ती परत आत गेली. बाकावर बसली. बराच वेळ नुसतीच बसून राहिली. मग तिने डावा हात मांडीखाली घातला, तळवा वर करून, आणि त्याच्यावर सगळा भार टाकला. लहानपणी थंडीत बसायची तशी. आधी कळ आली, मग मुंग्या, मग मुंग्याही गेल्या. बाकाची कड मनगटात रुतत होती तेही कळेनासं झालं. तेव्हा तिने उजव्या हाताने डावा उचलला, पट्ट्यांवर नेऊन ठेवला आणि मानेने खूण केली.

हात तिचा नव्हता. बोट पट्टीवर आहे की दोन पट्ट्यांच्या मधे, हे आवाज आल्यावर कळत होतं. उजवा पुढे चालला होता, निवांत, खालचं सगळं ठीक आहे अशा भरवशावर, आणि ती त्याच्यामागे हात ओढत होती. एक सूर गाठेपर्यंत पुढचा निघून जायचा. त्याच्यामागे धावण्यात अर्थ नव्हता, तेव्हा ती जो हाती लागेल तो धरून तिथून निघत होती. तिला भीती वाटत होती. बाबा त्या दिवशी याच बाकावर दोन तास असे बसले होते आणि ती काचेपलीकडे चुका टिपत होती. हातात रक्त परत येऊ लागलं की ती थांबायची आणि पुन्हा त्याच्यावर बसायची. आठ रचनांना सबंध दिवस लागला. संध्याकाळी मनगट सुजून काळंनिळं पडलं होतं.

रेकॉर्डिस्टने ते एकदा शेवटपर्यंत ऐकलं. तबकडी तिच्या पिशवीत टाकली आणि तिला कोट घालायला मदत केली.

बाबांनी या वेळी खुर्ची स्पीकरच्या आणखी जवळ घ्यायला लावली. वळण आलं, डावा हात खाली गेला, खालचा तो सूर अर्धामुर्धा वाजला. बाबांनी डोळे मिटले. दुसरी रचना झाली, तिसरी झाली. चौथीत हात थांबला तेव्हा आत्याला राहवलं नाही.

"अरे देवा. अडखळतंय रे हे फार."

"अडखळू दे. तू गप्प बस."

ते आठवीपर्यंत ऐकत राहिले. संपल्यावर त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. झटक्यानंतर डावा डोळा असाही गळायचा, पण हे दोन्ही डोळ्यांतून होतं.

"हा मी," ते म्हणाले. "हेच काढायला सांग त्याला. नाव एकट्याचं टाक म्हणावं." मग, अवघडून, "तुझं वाईट नव्हतं हं. तसं समजू नकोस."

"नाही समजत."

"इकडे ये. बस अशी. 'शेवटचं टेबल' लाव परत, मधलं."

तिने लावलं आणि ती त्यांच्या पायाशी खाली बसली. सुजलेलं मनगट बाहीत ओढून घेतलं.

"हे ऐक. इथे. करंगळी पोचत नाही बघ. उजवा गेला निघून. आता कुणीही काय करेल? धावेल. हा धावत नाही. जिथे आहे तिथून उठतो नि चालायला लागतो. उशीर झालाय तर झालाय. ऐकलंस? हे मी तुला कधी शिकवलंच नाही. मला स्वतःलाच येत नव्हतं तेव्हा. आणि तुझं काय, तुझं बोट पडायचंच वेळेवर, घड्याळासारखं. त्यात कुणी राहत नाही गं. रिकामं घर झाडून ठेवल्यासारखं होतं ते."

"हो."

"वाईट वाटलं?"

"नाही, बाबा."

"दे हात. डावा दे."

तिने दिला. त्यांनी तो आपल्या गुडघ्यावर पालथा ठेवला आणि उजव्या हाताने तिची करंगळी धरली. स्पीकरमधून तीच जागा पुन्हा जवळ येत होती.

"आता मी सोडतो. तू ठेव. पण आत्ता नाही. उशिरा. वाट बघ, तो गेला की मग."

जागा आली. करंगळीला सगळं ठाऊक होतं. कधी ठेवायचं, किती उशिरा, कुठल्या भीतीने, हे त्या खोलीत त्या एका बोटाएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी बोट सोडलं आणि ते तिच्याकडे बघत राहिले.

डावरीने करंगळी बरोबर वेळेवर ठेवली.

"बघ," बाबा म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी हसले. एकाच बाजूने हसले, दुसरी बाजू तशीच राहिली. "नाही ना जमत?"

"नाही जमत," ती म्हणाली.